पीटर पेंडल यांना आग्रहाचं निमंत्रण

पिनर,
१४ एप्रिल २००७

चि. पुरुषोत्तम भावजींस,
मधुमतीचे अनेक आशीर्वाद.

वयाने तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे. पण दादांची, म्हणजे थोरल्या भावाची बायको म्हणून आशीर्वाद मी द्यायचे आणि नमस्कार तुम्ही करायचा, ही व्यवस्था मला सत्तेचाळीस वर्षं आवडत आली आहे. फोन करणार होते, पण जन्मभर ड्रमच्या शेजारी बसल्यामुळे तुम्ही फोनवर नुसतं "काय? काय?" करता. मग माझा आवाज चढतो आणि शेजारच्या बाई खिडकीत येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

परवा संध्याकाळी अनुपला बर्मिंगहॅमहून कॉलिन हॉजेट नावाच्या गृहस्थांचा फोन आला. "पीटर पेंडल आपले कोण?" अनुप राँग नंबर म्हणून ठेवणारच होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, पीटर पेंडल म्हणजे आमचे धाकटे भावजी, सांगलीच्या पेंडशांचं शेंडेफळ. दादांनी अकाउंटन्सी शिकायला बोलावून घेतलं आणि हे तिसऱ्या महिन्यात कॉफी बारमध्ये पियानो बडवायला लागले, तेच.

भावजी, हे कॉलिन पाऊण तास बोलले. स्पीकर लावून स्वातीने पोळ्या केल्या तरी त्यांचं संपेना. म्हणाले, सत्तावन्न साली इथे रॉक अँड रोल म्हणजे गिटार, पियानो आपला कोपऱ्यात, वर फुलदाणी. तुम्ही ती फुलदाणी उतरवून ठेवलीत. तुमच्या ब्रास बटन्स बँडची तबकडी फारशी खपली नाही, पण ज्यांनी घेतली ते सगळे पियानो वाजवायला लागले. स्वतः कॉलिनना अकराव्या वर्षी आईने ती तबकडी आणून दिली. तुमचा डावा हात काय करतो ते कळावं म्हणून ती त्यांनी झिजवली आणि दुसरी आणली. आम्हाला घरात यातलं एक अक्षर माहीत नाही. आमच्या लेखी तुम्ही म्हणजे कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसातले क्लार्क आणि गणपतीत आरतीला पेटी वाजवणारे काका.

तर त्या तबकडीला पन्नास वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरच्या सहा तारखेला तुमच्या बर्मिंगहॅमच्या किंग्ज हीथ भागातल्या एका पबच्या मागच्या हॉलमध्ये तुमचा सत्कार आहे. तुम्ही वाजवावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. आणि तुम्ही त्यांना दोनदा नाही म्हणालात! एवढा कसला भाव खाताय?

आता माझं ऐका. मी तुम्हाला पियानोवर कधीही समोर बसून ऐकलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा दादांनी सांगितलं होतं, "पुरुषोत्तम जिथे वाजवतो तिथे आपल्यातल्या बायका जात नाहीत." पुढे मुलं झाली, तुमचा बँड मोडला, मग तुम्ही शनिवारी पबमध्ये वाजवायचात आणि मला त्या सिगारेटच्या धुराने दम लागायचा. तबकडी ऐकली आहे एकदा. पण तबकडीवर ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण. दादांना जाऊन चार वर्षं झाली, आता मला अडवणारं कोणी नाही. मला यायचं आहे. तेव्हा मुकाट्याने हो म्हणा.

तुमची वहिनी,
मधुमती


बर्मिंगहॅम,
२३ एप्रिल २००७

तीर्थरूप वहिनींस,
पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालतो.

कॉलिन हा सज्जन माणूस आहे. सेवानिवृत्त पोस्टमन, त्यामुळे कोणाच्याही दारात जाऊन उभं राहायला लाजत नाही. त्याने पाऊण तासात जे सांगितलं त्यातलं निम्मं प्रेमापोटी आहे, ते सोडून द्या.

डाव्या हाताचं गूढ तुम्हाला म्हणून सांगतो. मी सांगलीहून आलो तो पेटी शिकून. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा भाता मारतो. इथे पियानोसमोर बसलो तर डाव्या हाताच्या बोटांनाही काम! ती बिचारी कधी कामाला गेलीच नव्हती. बोटं पळेनात, पण मनगट दणकट होतं. मग मी खालच्या दोन पट्ट्या धरायचो आणि भात्यासारख्या दाबत राहायचो, तेही आपल्या भजनी ठेक्यात, जरासा मागे रेलून. ड्रमवाला मला शिव्या द्यायचा. नाचणाऱ्या पोरी मात्र खूश. पुढे लोकांनी त्याला 'पेंडल पुश' असं नाव दिलं. मी उणीव झाकत होतो आणि लोक त्याला शैली म्हणत होते, एवढीच माझी कारकीर्द.

आता कार्यक्रमाविषयी. एक तर त्या हॉलमधला पियानो भिकार आहे, मधल्या सहा पट्ट्या ओलीने फुगल्यात. दुसरं, आणि हे मुख्य, तुम्ही दरवर्षी पाठवता ते कॅलेंडर मी स्वयंपाकघरात लावतो. त्यात पाहिलं. सहा ऑक्टोबरला पितृपक्ष आहे. पितृपक्षात कोणी सत्कार करून घेतं का? आपल्या घराण्याची काही रीत आहे.

तेव्हा क्षमा असावी. स्वातीला आणि अनुपला आशीर्वाद.

आपला,
पुरुषोत्तम


पिनर,
२ मे २००७

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

पितृपक्ष! एकादशीला सॉसेज खाणाऱ्या माणसाच्या तोंडून पितृपक्ष ऐकून मी खुर्चीत बसले. स्वाती म्हणाली, "आई, आर यू ओके? पाणी देऊ का?"

हे पाहा, पितृपक्ष असेल तर उत्तमच. तुमच्या दादांनी जिवंतपणी ऐकलं नाही, आता त्या पंधरवड्यात खाली येतीलच, त्यांनाही ऐकू दे. पट्ट्या फुगल्या म्हणता, तर कॉलिन म्हणाले नवा पियानो भाड्याने आणतोय. म्हणजे अंगण सरळ झालं. आता नाचता येत नाही असं तरी म्हणा!

पण मी काही दुधखुळी नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या लक्षात आलं. तुम्ही रुसला आहात. त्या कॉलिननी तुम्हाला फोनवर विचारलं आणि दुसऱ्यांदा रस्त्यात गाठून विचारलं, हो ना? ही काय निमंत्रणाची पद्धत झाली? पेंडशांच्या घरात फोनवरच्या बोलावण्याला कोणी गेलेलं नाही. तुमच्या आजोबांनी तर सख्ख्या पुतण्याच्या मुंजीला पाऊल टाकलं नव्हतं, कारण अक्षत द्यायला नवराबायको दोघं आले नाहीत. रक्त तेच. बाहत्तर वर्षांचा रुसका जावई बरा दिसतो का? पण असो, मान तो मान. त्या साहेबाला बिचाऱ्याला आपल्या रीती कशा कळणार?

मी व्यवस्था करते. तुम्ही घरात असा म्हणजे झालं.

मधुमती


बर्मिंगहॅम,
११ जून २००७

तीर्थरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमची व्यवस्था शनिवारी सकाळी दाराशी आली.

बेल वाजली. दार उघडलं तर कॉलिन सुटाबुटात, शेजारी त्याची बायको ब्रेंडा हॅट घालून. तिच्या हातात बशी, बशीत तुम्ही पाकिटातून पाठवलेल्या कुंकवाच्या अक्षता. त्याच्या हातात नारळ, सोहो रोडच्या देशी दुकानातून निवडून आणलेला, शेंडीसकट. ब्रेंडाने माझ्या कपाळाला असं कुंकू लावलं की भुवईपर्यंत आलं. मग कॉलिनने खिशातून कागद काढून मराठीत वाचलं, "आमच्या घरचं कार्य आहे, सगळ्यांनी नक्की यायचं हं." त्यातलं ते 'हं' तुम्ही त्याच्याकडून किती वेळा घोटून घेतलंत? अगदी तुमच्या माहेरच्या, वाईच्या बायकांसारखं आलं. त्यानंतर त्याने मूठभर अक्षता उचलल्या आणि माझ्या अंगावर उधळल्या. त्यांच्यात तांदूळ दिसला की लग्नच आठवतं. समोरच्या पोलिश कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

मी हसत होतो, वहिनी. खरंच हसत होतो. त्याने नारळ पुढे केला, मी उजवा हात पुढे केला. तो म्हणाला, "नो नो पीटर, मिसेस पेंडसे सेड बोथ हँड्स."

डावा हात कार्डिगनच्या खिशात होता. तो जानेवारीपासून बहुतेक खिशातच असतो. तुमच्या रीतीसाठी बाहेर काढला. त्याने नारळ ओंजळीत ठेवला आणि डाव्या बाजूने तो सरळ खाली गेला, पायऱ्यांवरून घरंगळत फुटपाथवर. कॉलिन त्याच्यामागे धावला. ब्रेंडा धावली नाही. ती तीस वर्षं नर्स होती, ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

आता लपवण्यात अर्थ नाही. जानेवारीत मला अर्धांगाचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणतात. बोलणं आहे, चालणं आहे, उजवा हात शाबूत आहे. डाव्याची बोटं मात्र ऐकत नाहीत. चमचा धरतो कसाबसा. पियानो मी त्यानंतर उघडलेला नाही. तुम्हाला तेव्हा वेल्सहून माझं सहलीचं कार्ड आलं होतं ते शेजारच्या मिसेस डॉसनच्या भाच्याकडून टाकवलं होतं, मी हॉस्पिटलात होतो. सांगितलं असतं तर तुम्ही सूटकेस घेऊन आला असतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे सांगितलं की ते खरं झालं असतं.

माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं हो, वहिनी. लग्न नाही, मूल नाही, अकाउंटन्सी तर नाहीच. एक डावा हात होता. त्याचा सत्कार करायला लोक जमणार आणि मी तो खिशात घालून बसणार, हे मला झेपणार नाही.

नारळ फुटला नाही. कॉलिनने पुसून ओट्यावर ठेवला आणि दोघं गेली.

पुरुषोत्तम


पिनर,
१५ जून २००७

भावजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. रागाने. वेल्सच्या कार्डावरच्या मेंढ्या गोड होत्या म्हणून मी ते फ्रिजवर लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आमचे भावजी या वयातही डोंगर चढतात. काल ते काढून टाकलं.

दादा गेले त्या रात्री तुम्ही अनुपच्या आधी पोचला होतात. टॅक्सी करून, बर्मिंगहॅमपासून. तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं का, की कशाला आलात? मग माझ्या येण्याची तुम्हाला का भीती वाटली? मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लिहून टाकते, म्हणजे मनात राहायचं नाही.

नाचता येईना म्हणाले ते मागे घेते. बाकीचं काही मागे घेत नाही.

मी इतके दिवस चेष्टेत गुंडाळून सांगत होते, आता सरळ सांगते. मला मरायच्या आधी तुम्हाला एकदा वाजवताना बघायचं होतं. घरातल्या माणसाचं सबंध आयुष्य जिथे गेलं ती जागा मी पाहिलीच नाही, याची मला लाज वाटते. मला डाव्याउजव्यातलं काही कळत नाही. तुम्ही एका बोटाने आरती वाजवलीत तरी मी पहिल्या रांगेत बसेन. पण तुमच्या जिवावर येत असेल तर येऊ नका. मी परत आग्रह करणार नाही.

रोज काय जेवता ते कळवा. खरं कळवा.

मधुमती


बर्मिंगहॅम,
३० जुलै २००७

तीर्थरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या बैठकीच्या खोलीत सध्या वर्दळ आहे. सकाळी पॉरिज, दुपारी मिसेस डॉसनचं सूप, रात्री खिचडी. हे खरं आहे.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात कॉलिन पुन्हा दारात. या वेळी नारळाशिवाय. म्हणाला, "पीटर, उजवी बाजू तू वाजव. डावीकडे आम्ही बसतो." आम्ही म्हणजे पाच जण. सगळे माझ्या तबकडीवर शिकलेले. मला संताप आला. म्हटलं, मी अजून जिवंत आहे आणि तुम्ही माझ्या हाताची वाटणी करायला निघालात! त्याला जायला सांगितलं. तो पोस्टमन आहे, तो गेला नाही. पियानोवरची धूळ हाताने पुसून डाव्या टोकाला बसला आणि वाजवायला लागला.

चूक वाजवत होता, वहिनी. ठेका सरळ, इस्त्री केल्यासारखा. मी दहा मिनिटं सहन केलं. मग त्याला उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि टाळ्या वाजवत चालायला लावलं, आमच्या भजनी मंडळात पोरांना टाळ धरायच्या आधी चालवायचे तसं. आता दर रविवारी पाचही जण येतात. एक दाताचा डॉक्टर, एक बसड्रायव्हर, वॉल्सॉलच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मार्गारेटबाई, एक बेकरीवाला आणि कॉलिन. माझ्या स्वयंपाकघरात गोल फिरतात. ऑर्गनवाल्या बाईंना ठेका सगळ्यांत आधी सापडला. बसड्रायव्हर अजून वेळेच्या आधी पोचतो.

एक गंमत सांगतो. तबकडीवरच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात माझं मनगट एके ठिकाणी घसरलं होतं, कारण स्टुडिओत चहावाली दार ढकलून आत आली. परत वाजवायला पैसे नव्हते, तसंच छापलं. हे पाचही जण त्या ठिकाणी बरोब्बर घसरतात. इतकी वर्षं माझी चूक घोटतायत! मी सांगितलं तेव्हा दाताच्या डॉक्टरांचा चेहरा बघायला हवा होतात. ते म्हणाले, ती जागा त्यांना सगळ्यांत अवघड गेली होती.

उजव्या हाताने मी थोडं वाजवतो. घरात. स्टेजवर जायचं म्हटलं की अजून पियानोचं झाकण लावून उठतो. शब्द देत नाही, पण नाहीही म्हणत नाही. तुम्ही आग्रह करणार नाही म्हणालात, ते पाळा.

आपला,
पुरुषोत्तम


पिनर,
१२ ऑगस्ट २००७

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

पाळते आहे. आग्रह नाही. नुसती माहिती देते.

जुलैपासून पबमध्ये सिगारेट बंद झाली, सरकारने माझी शेवटची सबब काढून घेतली. अनुपने सहा तारखेला सुट्टी सांगून ठेवली आहे, "आय हॅव अ फॅमिली थिंग" असं म्हणाला ऑफिसात. पबमध्ये कोणती साडी नेसतात ते स्वातीला विचारलं, ती म्हणाली, "आई, एनीथिंग गोज." हे काय उत्तर झालं? पितृपक्षात नवी साडी नेसायची नाही, म्हणून जुनी निळी इरकल काढून ठेवली. कानात घालायला कापसाचे बोळेही ठेवलेत. रागावू नका, माझे कान अजून शाबूत आहेत आणि मला ते हवेत.

ऑर्गनवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या स्वयंपाकघरात बायका फिरतात हे दादांना कळायला नको होतं.

मधुमती


बर्मिंगहॅम,
३ ऑक्टोबर २००७

वहिनी,

घाईत लिहितो. काल हॉलमध्ये तालीम झाली. दिवे लावले होते. माझा उजवा हातही पहिल्याच ओळीत चुकला. पाच जण एकमेकांकडे बघत होते, यातच सगळं आलं.

मी कॉलिनला 'नाही' म्हणून सांगणार आहे. त्यांचं ते वाजवतील, चांगलं वाजवतात. तुम्ही येऊ नका. तुमच्यासमोर फजिती झाली तर ती मला पुरून उरेल. मी तुम्हाला मुद्दाम आधी कळवतो आहे, म्हणजे अनुपला सुट्टी रद्द करता येईल. रागावू नका.

पुरुषोत्तम


पिनर,
१६ ऑक्टोबर २००७

चि. पुरुषोत्तम भावजींस,
अनेक अनेक आशीर्वाद.

'येऊ नका' म्हणून लिहिलेलं तुमचं पत्र टपालाचा संप मिटल्यावर काल सकाळी मिळालं. येऊन गेल्याला दहा दिवस झाले. आता काय करू, परत करू का?

मी पत्र ओट्यावर ठेवून एकटीच हसले आणि मग मला रडू आलं. मला काहीच माहीत नव्हतं हो. मी आपली इरकल नेसून, कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसले होते, तुम्ही येणारच या खात्रीने. पडद्याच्या फटीतून तुमचा एक डोळा दिसला. मला बघून तुमचा चेहरा चोरून लाडू खाताना सापडलेल्या पोरासारखा झाला. मी हात हलवला. मला वाटलं, भावजींना आनंद झाला! आता कळतंय की तुम्ही मागच्या दाराने घरी निघाला होतात. काल कॉलिनना फोन केला तर म्हणाले, "त्याने कोट घातला होता, मिसेस पेंडसे. तुम्हाला पाहिलं आणि काढला."

तुम्ही उजवीकडे बसलात, कॉलिन डावीकडे. पहिलं गाणं तुम्ही भीत भीत वाजवलंत, मला कळलं. दुसऱ्याला मार्गारेटबाई आल्या आणि त्यांनी खालचा तो ठेका धरला. मी कानातला कापूस काढला. माझा पाय हलायला लागला. मी त्याला दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. भावजी, मला तो ठेका ओळखीचा होता! आमच्या वाईच्या घाटावर गुरुवारी भजन असायचं ना, त्यात म्हातारे असेच रेलून वाजवायचे. आणि इथे टॅटू काढलेली ढेरपोटी माणसं त्यावर नाचत होती. मग तुमचा उजवा हात सुटला. वर कुठे गेला, कसा खाली आला, मला सांगता येत नाही. अनुप डोळे पुसत होता. मी विचारलं तर म्हणतो, "हे फीव्हर, आई." उन्हाळ्यातल्या परागांचा तो त्रास, ऑक्टोबरात!

दादा आले असतील तर मागे दाराशी उभे राहिले असतील, बसले नसतील. पण शेवटपर्यंत थांबले असतील.

सत्तेचाळीस वर्षं मी तुमच्या वाजवण्याला बडवणं म्हणत आले. न ऐकता म्हणत होते. आता ऐकलं. तुमची चेष्टा करायची माझी हक्काची एक जागा त्या दिवशी गेली, पण चालेल. भावजी, मी ऐकलं हो. समोर बसून ऐकलं. फार फार सुंदर वाजवता तुम्ही.

दिवाळीला इकडे यायचं. आणि या पत्राचं उत्तर द्या, मला झोप येत नाहीये.

मधुमती


बर्मिंगहॅम,
२१ ऑक्टोबर २००७

तीर्थरूप वहिनींस,
साष्टांग नमस्कार. हा खरा घातला. मिसेस डॉसनने उठवलं.

पत्राचा दिवस चुकला हे देवाने चांगलं केलं, म्हणजे असलाच तर. तुम्ही हात हलवलात तो मी विसरणार नाही. त्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि त्यांच्यासमोर मी पळून जाऊ शकत होतो. निळी इरकल नेसून बसलेल्या तुमच्या एकट्यांसमोर मला पळता आलं नाही.

दिवाळीला येतो. कॉलिन आणि ब्रेंडालाही बोलावलं आहे. त्यांना बोलवायला तुम्ही स्वतः या, अक्षता घेऊन. नाहीतर ते यायचे नाहीत, आता त्यांना रीत कळली आहे.

एक गोष्ट तुम्हालाच सांगतो, कॉलिनला सांगितली तर तो पेपरात देईल. गेल्या पन्नास वर्षांत लोकांनी माझ्या डाव्या हाताविषयी बरंच काही सांगितलं. मी मान हलवायचो. पण मला कधी कळलंच नव्हतं ते कशाबद्दल बोलतायत, कारण मी तो ऐकलाच नव्हता. वाजवताना ऐकू येत नाही, वहिनी. मनगट दुखतं, ड्रमवाला ओरडत असतो, पुढची ओळ आठवायची असते. त्या शनिवारी मार्गारेटबाई डावीकडे बसल्या आणि तो माझ्या बाहेरून आला. मी उजव्या हाताने आपलं काहीतरी वाजवत होतो आणि कान त्याच्याकडे होते. पहिल्यांदा ऐकत होतो, तुमच्यासारखाच.

चांगला होता हो, वहिनी. खरंच चांगला होता.

आपला,
पुरुषोत्तम